रस्त्याच्या मधोमध

“पण ते थांबले का, काकू? एवढंच सांगा,” फौजदार म्हणाले. “कडेला नाही, वळणावर नाही, अगदी रस्त्याच्या मधोमध. का थांबले?”

टेलरकाकूंनी शिलाई मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. घरात खुर्च्या दोनच. एकीवर फौजदार बसले होते, दुसरीवर मुलगी, म्हणून काकू आपल्या मशीनच्या स्टुलावरच बसल्या होत्या. स्टूल खिडकीला लागून होतं आणि खिडकीतून दोन मजले खाली तोच रस्ता दिसत होता. नवरा जाऊन नऊ दिवस झाले होते.

फौजदार माणूस वाईट नव्हता. दार उघडताच त्यांनी बूट बाहेर काढले होते आणि पाणी प्यायल्यावर पेला स्वतः आत नेऊन ठेवला होता. पण हातातली फाइल काही त्यांच्या मनासारखी भरत नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा जबाब त्यांनी सुरुवातीलाच वाचून दाखवला होता: आजोबा चालता चालता मधेच उभे राहिले, मान खाली घालून काहीतरी चाचपत होते, आपण कुठे निघालो तेच विसरले असावेत. दुकानदाराचं कुणाशी वाकडं नव्हतं, त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. पण धडक देणाऱ्या मोटरसायकलवाल्या पोराच्या वकिलाला तेवढं पुरेसं होतं. म्हातारा ठार बहिरा, कानाचं यंत्र न लावता बाहेर पडलेला, त्यातून भ्रमिष्ट. अशा माणसाला घरच्यांनी एकटं सोडलंच कसं, असा त्याचा उलटा सवाल होता.

“यंत्र सापडलं, पण ते डबीत होतं,” फौजदार म्हणाले. “डबी शर्टाच्या खिशात, झाकण बंद. तिला साधा ओरखडाही नाही. म्हणजे लावलंच नव्हतं ना त्यांनी?”

मुलगी आईकडे बघत होती. फौजदार यायच्या आधी स्वयंपाकघरात तिनं आईला चार वेळा बजावलं होतं. “आई, बाबा कडेला होते म्हण. तू वरून बघितलंस, कडेनं चालले होते. एवढं एकच वाक्य. बाकी मी बघते.” मुलीचंही चुकत नव्हतं. तिला वडील गेल्याचं दुःख होतं आणि ते पोर महिन्याभरात पुन्हा गाडीवर बसेल याचा संताप होता. काकूंनी तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

खरी गोष्ट या खोलीत एकट्या काकूंना ठाऊक होती.

काकूंच्या यांनी एकतीस वर्षं गिरणीत माग चालवला. दोनशे माग एकदम सुरू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथली भाषाच हातांची होती. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेब येतोय. पोटावर मूठ म्हणजे जेवायला चल. वर केलेला उघडा पंजा म्हणजे थांब, आणि या खुणेचा नियम पहिल्या दिवशीच शिकवला जाई: आधी थांबायचं, मग विचारायचं. कशाला थांबू, असं विचारत बसलेल्या दोघांची बोटं मागात गेली होती. काकू शेजारच्या खात्यात कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी दोरा गुंडाळून द्यायच्या. मधल्या जाळीच्या दारातून यांनी लग्नाचं विचारलं तेही हातानंच. मला वाटलं जेवायला चल म्हणताय, म्हणून मान हलवली, असं काकू पुढे जन्मभर चिडवत आल्या.

गिरणी बंद पडली तोवर यांचे कान जवळजवळ गेले होते. संसार खुणांवरच चालला आणि भांडणंही खुणांवरच झाली, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटे की काय गुणी जोडपं आहे. चार महिन्यांपूर्वी मुलीनं हट्टानं कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावल्यावर पहिलं वाक्य काय, तर “तुझ्या मशीनला तेल हवंय.” दुसरं वाक्य मुलीसाठी होतं. “तू अशी बोलतेस होय,” म्हणाले आणि कितीतरी वेळ तिच्याकडे नुसते बघत बसले.

या सुखात माती कालवली ती त्या गाड्यांनी. उंच, सडपातळ, मातीच्या टेकाडांवरून उडवायला बनवलेल्या मोटरसायकली. त्या रस्त्यावर आणायची मुळात परवानगीच नाही. नंबरप्लेट नाही, दिवा नाही आणि सायलेन्सर मुद्दाम काढून टाकलेला. रोज दुपारी चारच्या पुढे पाच जण यायचे. वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानात धुरळा उडवायचे आणि मग फुटपाथवरून, गल्ल्यांतून पुढचं चाक उचलून सुटायचे. वरच्या मजल्यावरची रात्रपाळीची नर्स दिवसा झोप म्हणजे काय ते विसरली होती. तक्रार पालिकेकडे गेली, पालिकेनं पोलिसांकडे ढकलली, पोलिसांनी वाहतूक खात्याकडे. शेवटी उत्तर आलं की पाठलागात कुणाचा जीव जाऊ शकतो, म्हणून अशा गाड्यांचा पाठलाग करू नये असा आदेश आहे. फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब मात्र लावले. ते खांब चुकवून जायची पोरांना आणखी मजा येऊ लागली.

धडधाकट कानांना जो आवाज सोसत नाही तो यंत्रातून यांच्या डोक्यात कसा शिरत असेल, ते त्यांनी एकदाच सांगितलं. “खिळा ठोकतात,” म्हणाले. गाड्या जवळ आल्यावर यंत्र काढून उपयोग नव्हता, तोवर ठोकून झालेलं असायचं. आणि लांबचा आवाज कुठला, हे यंत्रातून त्यांना उमगत नसे. ते काम काकूंनी घेतलं. गाड्या मैदानात शिरल्या की खिडकीत त्यांना आधी कळायचं. मग त्या वरून खूण करायच्या: आधी उघडा पंजा, मग हात कानाला. थांबा, यंत्र काढा. सुरुवातीला ते चालता चालताच काढायला गेले आणि यंत्र गटाराच्या जाळीवर पडलं. आत गेलं नाही एवढंच. त्या दिवशी काकूंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. उभं राहून काढत जा, डबीत ठेवत जा, झाकण लावत जा, मग पाऊल उचला. त्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं.

“काकू?” फौजदार म्हणाले.

मुलगी मधे पडली. “साहेब, बाबा खरं तर कडेला...”

“मधोमध होते,” काकू म्हणाल्या. “दुकानदार बरोबर सांगतोय.”

मुलीनं डोळे मिटले.

“पलीकडच्या इमारतीत दोन पँटी द्यायच्या होत्या. चेन बदललेल्या. माझी कामं पोचवायला तेच जायचे. देऊन परत येत होते. यंत्र कानात होतं, साहेब. मी वर बसले होते, इथंच. मैदानात गाड्यांचा आवाज आला. मला वाटलं, नेहमीसारखा आधी मैदानात धुरळा उडवतील, वेळ आहे. यांनी वर बघितलं. रस्ता ओलांडताना वर बघायची सवयच होती त्यांना. मी खूण केली.”

“कसली खूण?”

काकूंनी हात वर केला, पंजा उघडला, मग कानाला लावला. फौजदारांना समजलं नाही तेव्हा गिरणीपासून सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कुठेही कापला नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“खूण झाली की आधी थांबायचं, अशी सवय. थांबले. दोन्ही हातांनी यंत्र काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं. मीच शिकवलं होतं तसं. त्यातली एक गाडी मैदानात शिरलीच नव्हती. ती मागच्या गल्लीतून आली, चाक वर करून. मी हात हलवले, पण त्यांची मान खाली होती. मग ओरडले. इतक्या जोरात आयुष्यात ओरडले नव्हते. डबी नुकतीच खिशात गेली होती.”

मुलगी आईकडे वळली.

“नऊ दिवस, आई,” ती म्हणाली. “मला सांगितलं नाहीस.”

“तोंड होत नव्हतं.”

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो तसाच चालू राहिला.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. “काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे लिहिलंच पाहिजे असं नाही. तुम्ही काही पाहिलं नाही म्हणा, मी तेवढंच लिहीन. हे लिहिलं तर त्यांचा वकील काय म्हणेल माहितीय? बायकोनंच भर रस्त्यात उभं केलं. कोर्टात सगळ्यांसमोर म्हणेल. केस आणखी कमजोर होईल, आणि तुम्हाला ते ऐकत बसावं लागेल.”

“आणि नाही लिहिलं तर काय राहील त्या कागदावर?”

फौजदारांनी फाइलमधला दुकानदाराचा जबाब वर काढला.

“डोकं फिरलेला म्हातारा, वाट विसरलेला. हेच ना?” काकू म्हणाल्या. “साहेब, एकतीस वर्षांत त्या माणसाच्या मागावर एक अपघात नाही. विनाकारण थांबला नाही आणि विनाकारण हलला नाही. मी थांबवलं म्हणून थांबले. माझं जे व्हायचं ते होईल. मला तर रोज ऐकायचंच आहे, वकील असो नसो. पण त्यांना भ्रमिष्ट म्हणून नाही जाऊ देणार मी. लिहा.”

फौजदारांनी पुन्हा पेन उचललं. पाऊण पान भरलं. मधे दोनदा त्यांनी शब्द विचारले. कांड्या म्हणजे काय तेही विचारलं आणि कंसात लिहून घेतलं. मग, सही करण्याआधी ऐकून घ्या, म्हणाले आणि सरकारी मराठीत वाचू लागले.

“सदर इसम हे घटनेच्या वेळी पूर्ण शुद्धीवर होते, व पत्नीने खिडकीतून केलेल्या...”

पुढचं ऐकू आलं नाही. मैदानाच्या बाजूनं आवाज चढत आला, खिडकीची काच थरथरली आणि मशीनवरच्या टाचण्या डबीत खुळखुळल्या. फौजदार खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. काकूंनी खाली पाहिलं. पाचांतला एक, त्या धडकेत स्वतःही आपटलेला, दवाखान्यात होता. आज चार आल्या होत्या. रस्त्याच्या त्याच पट्ट्यावरून, एकामागून एक.

फौजदार वाचायच्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. काकू स्टुलावर ताठ बसून होत्या, हात मांडीवर. आवाज कमी होत होत पुलाच्या बाजूला विरला तेव्हा फौजदारांनी घसा साफ केला.

“कुठवर आलो होतो आपण?”

“पूर्ण शुद्धीवर होते, इथवर,” काकू म्हणाल्या. “तिथपासून परत वाचा. जरा मोठ्यानं वाचा, आत पोरीलाही ऐकू जाऊ दे.”