मुका माड

वटार गावात कुणाच्या माडाला सोंड्या भुंगा लागलाय की नाही, ते जगन्नाथ सांगत. भुंग्याची अळी खोड आतून पोखरते. झाड बाहेरून धडधाकट दिसतं आणि एक दिवस शेंडाच कोसळतो. जगन्नाथ खोडाला कान लावत, डोळे मिटत आणि निकाल देत, "मुका आहे." मुका म्हणजे निरोगी.

गेली तीन वर्षं त्यांना प्रत्येक माड मुकाच सापडत होता. गावाला वाटलं, भुंगा गेला. गेले होते जगन्नाथांचे कान, पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मुके ठरवलेल्यांपैकी शेजारच्या स्टीवनचे दोन माड पडले, तेव्हा त्यांनी वाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

त्या रविवारी सून राधिका यंत्र घेऊन बागेत आली. ती पॉलिटेक्निकात शिकवते. यंत्र म्हणजे काडेपेटीएवढं सर्किट, चार स्वस्तातले माइक आणि चिकटपट्टी.

"बाबा, अळीचा आवाज ज्या माइकला आधी पोचतो, त्याच्या जवळ अळी," ती मोठ्याने म्हणाली. "किती आधी, त्यावरून नेमकी जागा कळते."

"चार कान लागतात याला," जगन्नाथ म्हणाले. "मना दोन पुरले."

बावखलाच्या, म्हणजे बागेतल्या तळ्याच्या, काठचा माड जगन्नाथांच्या पत्नी सावित्रीबाईंनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेला. मागच्याच महिन्यात जगन्नाथांनी तो मुका ठरवला होता. राधिकाने त्याला माइक चिकटवले. मोबाइलवर लाल ठिपका उमटला, छातीएवढ्या उंचीवर, पाण्याच्या अंगाला.

"पण चांगल्या झाडाला उगाच भोक पाडायचं नाही," राधिका म्हणाली. "तुम्ही मुका म्हणालात, तर मी औषध भरत नाही."

सावित्रीबाई खोडावर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या. जगन्नाथांनी कान लावला, डोळे मिटले. तीन वर्षांत ऐकू आलं होतं तेवढंच ऐकू आलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"माड मुका नाय," ते म्हणाले. "मी बहिरा हाय."

"मना ठाव हाय," सावित्रीबाई पुटपुटल्या. "तीन वर्सं झाली, तुमी उलटून बोलत नाय."

हे जगन्नाथांना ऐकू गेलं नाही. राधिकाने भोक पाडून औषध भरेपर्यंत ते उभे राहिले. मग माइक एकेक सोडवले, चिकटपट्टी खिशात घातली आणि स्टीवनच्या बागेकडे निघाले. तिथे त्यांनी मुके ठरवलेले अकरा माड अजून उभे होते.