सात हजार नऊशे सात

"हा नंबर कुणाचा, ते तुम्हाला माहीत असणार," असं म्हणत तिने नवऱ्याची वही सुपरवायझरपुढे उघडी धरली. पहिल्या पानावर ६२६१५५३३, खाली दोन रेघा.

नवरा या इमारतीत एकतीस वर्षं लिफ्टमन होता. गेल्या महिन्यात तो गेला. आज ती त्याचं सामान न्यायला आली होती: टोपी, चष्मा, वही. अकरा वर्षांपूर्वी हीच वही त्याच्या पिशवीत सापडली, तेव्हाही तिने नंबर कुणाचा म्हणून विचारलं होतं.

"कुणाचाच नसावा, असं वाटतंय," तो म्हणाला होता.

तिने शेजारणीच्या फोनवरून लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं, तेही बाईच्या आवाजात. तिने पुन्हा विषय काढला नाही. पण पाणी कुठेतरी मुरतंय, हे मनातून गेलं नाही. तो दहा मिनिटं उशिरा आला तरी ती घड्याळ बघायची.

सुपरवायझर तिला लिफ्टमध्ये घेऊन गेला. स्टुलासमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी पितळी पट्टी होती. यंत्र क्रमांक ६२६१५५३३.

"याला कशानेच भाग जात नाही, म्हणायचा. आम्ही म्हणायचो, भाग सोड, चौथा मजला लाव. खरं सांगतो वहिनी, दुसरं काही नव्हतं."

पट्टीवर नंबर आहे म्हणून बाई नसेलच असं नाही, हे घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात होतं.

घरी लेकीने वही चाळून समजावलं. समासात दोनपासून ओळीने मूळ संख्या, प्रत्येकीपुढे भागाकार, बाकी आणि खूण. ७९१३ च्या पुढे बघायची गरज नाही, असं बाबांनी वर लिहिलंय. तोवर एकीनेही भाग गेला नाही, तर ही संख्या मूळ. नऊशे अठ्ठ्याण्णव खुणा झाल्या होत्या. शेवटची ७९०१ पुढे, बाकी १०८. खाली एकच संख्या उरली होती, ७९०७.

लेकीने मोबाईल काढला. आईने तो बाजूला सारला आणि स्वतः पेन्सिल घेतली. सातवीपर्यंतचं गणित, हात हळू चालत होता. शेवटी ७११६३ उरले. नऊ वेळा. बाकी शून्य, वर भागाकार ७९१९. तिचा विश्वास बसेना. उलट गुणून तिने ताळा केला.

"कुणाचा निघाला मग?" लेकीने विचारलं.

"दोघांचा," ती म्हणाली, आणि ७९०७ पुढे त्याच्यासारखीच खूण केली.