शीलाची बहीण

"दोघींलेही फेल करा बहनजी," शेवंताबाई म्हणाली आणि पदर सारखा करत व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

प्रमोदिनी बहनजी फळा पुसत होत्या. डस्टर हातातच राहिलं. पोराला पास करा म्हणून हातापाया पडणारे त्यांनी नोकरीत पैशाला पासरी पाहिले होते. फेल करा म्हणणारी ही पहिलीच.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"शीला तं फेल होनारच आहे. छमाही परीक्षेत कोरा कागद देल्ला तिनं. मंग आनंदीलेही ठेवा तिच्यासंग चौथीत. दोघी संग राह्यल्या तं मले घोर नाही."

शेवंताबाई मेश्राम एका राइस मिलमध्ये कामाला होती. नवरा महागू उकव्याच्या खाणीत, पंधरवड्यातून एकदा बसने घरी येणारा. पदरात दोन मुली. धाकटी शीला तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. पुढे ती शाळेत आली तेव्हा थोरल्या आनंदीला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवलं, आणि तेव्हापासून दोघी एकाच वर्गात, एकाच तागाच्या टाटपट्टीवर बसत. बहनजी काय म्हणाल्या ते आनंदी हातवारे करून शीलाला सांगायची. शीलाला काय विचारलं त्याचं उत्तर आनंदीच द्यायची. हजेरीत शीलाचं नाव आलं की 'उपस्थित'सुद्धा तीच म्हणायची. अख्खी शाळा तिला 'शीला की दीदी' म्हणून ओळखत होती. तिला नाव आहे हे कोणाच्या फारसं लक्षात नसे.

"पाचवीची शाळा सकाळी भरते, तुमची दुपारी," शेवंताबाई सांगत होती. "आनंदी पाचवीत गेली तं शीला एकटी येईन. मधात छोट्या लाइनच्या गाडीचं फाटक आहे. इंजिनाची शिट्टी तिले ऐकू येते काय? मी मिलमध्ये, तिचा बाप उकव्याले. सांगा तुम्हीच."

अडचणीत सापडल्या की प्रमोदिनींना हटकून राग यायचा, आणि राग आला की घरची साजूक मराठी गळून पडायची.

"अन् आनंदीचं काय? तिनं तुझं काय घोडं मारलं? एक साल खाल्लंच ना तिचं, आता दुसरं खातेस काय?"

"तिले काय होते बहनजी? हुशार आहे ते. फेल झाली तरी चालते तिले."

आनंदी दाराआड उभी होती. शीलाची पाण्याची बाटली भरून आणली होती तिने. बहनजींनी तिला पाहिलं तेव्हा ती बाटलीचं झाकण घट्ट करत होती.

"परीक्षा एप्रिलात आहे," बहनजी म्हणाल्या. "तोवर मले पाहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आनंदीला उचलून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका आशालता, दारातून डोकावून म्हणाल्या, "अच्छा-भला चल रहा है, काहे को छेड़ती हो?" प्रमोदिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोघींना शेजारी बसवून इतके दिवस त्याही निवांत राहिल्या होत्या, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

पहिले दोन दिवस शीला रडली. तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला धप्प आवाज झाला. शीलाने फरशीवर हाताची थाप मारली होती. बहनजी फळ्याकडून वळल्या, डोळे वटारले, पुन्हा फळ्याकडे वळून बोलू लागल्या. पुन्हा धप्प!

"अगं ए! काय लावलंय?"

शीलाने आपल्या ओठांवर बोट टेकवलं, मग बहनजींच्या ओठांकडे दाखवलं, मग फळ्याकडे. वर्ग खो-खो हसला. बाईंना मात्र उमगायला क्षणभर लागला. आपण जन्मभर फळ्याशीच बोलत आलो, पोरी आपली पाठच ऐकत बसल्या! तोंड दिसलं तर या मुलीला अर्धंअधिक समजत होतं. इतके दिवस तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. पाहायची गरज कुठे होती? ती आनंदीचे हात पाहत होती.

मग रीतच पडली. बहनजी चुकून फळ्याकडे तोंड करून बोलल्या की सगळा वर्ग धप्प करी. मुलींना तेवढाच चाळा. हजेरीला शीला आपला हात आपण वर करू लागली. बहनजींच्या सांगण्यावरून रेल्वे फाटकापलीकडे राहणाऱ्या वर्गातल्या चौघी जणी तिला बरोबर आणू लागल्या. त्या थांबल्या की ही थांबे. शेवंताबाई पहिला आठवडाभर मिलमधून सुट्टी मागून लांबून बघत राहिली, मग तिने येणं सोडलं.

आनंदीचं मात्र गाडं रुळावरून उतरलं. बहनजींना वाटलं होतं, पोरगी आता मोकळी होईल, फुलेल. कसलं काय! सारखं वळून वळून शीलाकडे बघणं, पोट दुखतंय म्हणून डोकं खाली घालून बसणं. पाढा विचारला तर उभी राहून गप्प. मधल्या सुट्टीत शीला त्या चौघींबरोबर लंगडी खेळायची आणि ही व्हरांड्यात बाटली धरून उभी.

एकदा बहनजींनी विचारलं, "तू काहून खेळत नाहीस गं?"

"शीलाले तहान लागली तं?"

"तिला पाय नाहीत काय?"

आनंदीने बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

एप्रिल आला. गणिताचे पेपर तपासताना बहनजी एका कागदावर अडकल्या. सगळी उत्तरं बरोबर, अक्षर मोत्यासारखं. वर नाव: शीला मेश्राम. गठ्ठ्यात आणखी खाली शीला मेश्राम नावाचा दुसरा पेपर निघाला. वाकडं अक्षर, खाडाखोड, पण बहुतेक उत्तरं आली होती. आनंदीच्या नावाचा पेपर नव्हताच.

बडी बहनजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि चष्मा काढला. "देखो प्रमोदिनी, कायदे से आनंदी का पेपर है ही नहीं. आनंदी फेल."

"कल तक रुक जाइए," प्रमोदिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली वर्गाबाहेर पडल्यावर त्यांनी आनंदीला थांबवून घेतलं. शीला बाहेर आवाराच्या फाटकाशी मैत्रिणींबरोबर होती. बहनजींनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. ओरडायचं नाही असं घरून ठरवून आल्या होत्या, तरी आवाज चढलाच.

"हे काय केलंस?"

"तिचा कोरा असंन म्हून."

"अन् तुझा?"

"मी फेल झाली तरी चालते," आनंदी म्हणाली. आपल्याला राग नाही, लोभ नाही, आई म्हणाली तेच सांगतेय, अशा साध्या आवाजात.

बाईंनी उगाच टेबलाचा खण उघडला आणि बंद केला.

"तिचा कोरा नाही. वाच."

आनंदीने तो वाकड्या अक्षराचा कागद घेतला. खाली बसून, मांडीवर ठेवून, ओळीवर बोट फिरवत वाचू लागली. एका गणितावर बोट थांबलं. चेहरा असा उजळला की इतक्या दिवसांत बाईंनी तो तसा पाहिला नव्हता.

"बहनजी, हे चुकलं! हातचा घेतलाच नाही तिनं."

"हौ. कापले मी मार्क."

"मी बाजूले असती तं नसतं चुकलं."

"नसतंच चुकलं."

आनंदीने पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"तरी पास झाली?"

"झाली. चुकली, तरी पास झाली."

आनंदीने कागद हळूच टेबलावर ठेवला. मग ती हुंदके देत रडू लागली, अकरा वर्षांची पोर रडते तशी, नाकातोंडातून. "मंग मी काय करू?" ती म्हणाली. "मंग मी काय करू, बहनजी?"

बाईंनी तिला रडू दिलं. जवळ घ्यावंसं फार वाटलं, पण त्यांनी दुसरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून त्यावर ठेवलं.

"हा पेपर कोणाचा?"

आनंदीने फ्रॉकने नाक पुसलं, पेन घेतलं, वरचं नाव एका रेघेत खोडलं आणि शेजारी आपलं लिहिलं. पेन परत करताना तिने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"बहनजी, मी रडली हे शीलाले सांगू नका."

"नाही सांगत."

"आईलेही नाही."

"बरं."

ती बाहेर गेली. फाटकाशी उभ्या शीलाने तिचे लाल डोळे लांबूनच पाहिले आणि पंजा उलटासुलटा हलवून विचारलं, काय झालं?

आनंदी चालता चालता थांबली. मग तिने हात हलवला. काही नाही.