भेटायला गेलेला

प्रश्न १

“वय?”

“एकसष्ट.”

“बाबा, खेळातल्या माणसाचं नाही विचारलं. तुमचं.”

“मंग माझंच सांगून राहिलो ना. त्याचं कोनाला म्हाईत?”

निता हसली आणि लिहिलं. दोन दिवसांसाठी ती पुण्याहून सेनगावला आली होती. ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि इंग्रजी फॉर्म मराठीत करून वडिलांना विचारत होती. जगनराव भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून बसले होते. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

आई गेल्यावर बापलेकीचा फोन ‘जेवलात का’च्या पुढं सरकत नव्हता. म्हणून निताने त्यांना मोबाईलवर हा खेळ लावून दिला. तिने धनुष्यवाली बाई घेतली, जगनरावांनी वैद्य घेतला. रोज संध्याकाळी दोघं तासभर त्या खेळातल्या रानातून बरोबर चालत. बोलणं तिथं आपोआप व्हायचं. खेळात एक मोठं बाजाराचं गाव होतं. त्याला जगनराव मोंढा म्हणत.

तीन महिन्यांपूर्वी त्या मोंढ्यात साथ आली. एका गुहेतल्या राक्षसाचा हिरवा ताप गुहेतच राहायचा होता. खेळ बनवणाऱ्यांच्या चुकीने तो खेळाडूंच्या अंगाला लागून बाहेर आला. तीन दिवस गल्ल्यांतून मुडदे पडले. आता कुठल्याशा विद्यापीठातली माणसं खेळाडूंना विचारत होती, त्या तीन दिवसांत तुम्ही काय केलंत. खऱ्या साथीत माणूस कसा वागतो, ते त्यांना यातून बघायचं होतं.

प्रश्न ४

“साथ कळल्यावर काय केलं? पर्याय आहेत. गाव सोडलं. लपून बसलो. बघायला गेलो. मदतीला गेलो. मुद्दाम दुसऱ्याला लावली.”

“मुद्दाम बी लावली लोकाईनं?”

“कितीतरी जणांनी. गंमत म्हणून.”

“येड्याचा बाजार.” जगनरावांनी मान हलवली. “माझं लिही, भेटाया गेलो.”

“तसा पर्याय नाही. ‘बघायला’ टाकू?”

“बघाया जानारा तमाशा बघतो. मी कशाला बघू?”

“मग ‘मदतीला’.”

“मदत सरकार करते. आपुन भेटाया जातो.”

निताने वाद घातला नाही. ती याच गावात वाढली होती. दुखण्यात कोण आलं नाही, हे इथं वीस वर्षांनीही निघतं, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. जगनराव तर बिस्किटाचा पुडा घेऊन तिन्ही आळ्या फिरणारे. खेळातही त्यांनी तेच केलं. विहिरीपाशी पडलेल्या एकेका नवख्याजवळ वैद्याला बसवलं, आपल्यातला जीव त्याला दिला, उठले, पुढच्याकडे गेले. वैद्य ताकदीचा, त्याला ताप चढायचा आणि उतरायचा.

प्रश्न ७

“आपल्यामुळे दुसऱ्याला लागण झाली, हे तुम्हाला कधी कळलं?”

जगनराव रस्त्याकडे बघत राहिले. जिंतूरकडे जाणारी जीप माणसं भरेपर्यंत थांबली, भरली, गेली.

“दुसऱ्या दिवशी ना?” निता म्हणाली. “मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ज्या गल्लीतून जाताय, मागे तीच गल्ली पडतेय.”

“व्हय. तू सांगितलं.”

“मग दुसरा दिवस टाकते.”

“न्हाई. एकवीस साल टाक.”

निताची बोटं थांबली. “बाबा, हे खेळाचं विचारतायत.”

“मला म्हाईत हाय काय ईचारतेत.”

प्रश्न ७, अजून तोच

एकवीस सालचा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट. तांड्यावरचा मोहनसिंग खोकत घरात पडला होता. तो ड्रायव्हर, जगनराव कंडक्टर, हिंगोलीची गाडी दोघांनी बारा वर्षं मारलेली. मोहनसिंगच्या बायकोने लिंबाखाली खुर्ची टाकली, “बाहीरच बसा भाऊ,” म्हणाली. जगनरावांनी ती खुर्ची उचलली आणि आत खाटेजवळ नेऊन ठेवली. अर्धा तास बसले. मोहनसिंग पंधरा दिवसांत उठला. जगनरावांना दोन दिवस चहाचा वास येईना, एवढंच. निताची आई, रुख्मिणीबाई, हिंगोलीच्या दवाखान्यात नवव्या दिवशी गेल्या.

“तुझ्या आईला ते दुखनं मी आनून देलं,” जगनराव म्हणाले. “तवा कळलं न्हाई. कळलं व्हतं, पन मी कळू देलं न्हाई. त्या खेळात मागं वळून पाह्यलं, सगळे पडलेले, माझा वैद्य आपला उभा. तवा बराबर कळलं.”

निताने लॅपटॉप बाजूला ठेवला.

“मला माहीत होतं.”

“कव्हापासून?”

“आईने दवाखान्यातून फोन केला होता. म्हणाली, त्यांना ईचारू नको. बिस्किटाची पिशवी मीच भरून देली व्हती, म्हणाली.”

जगनरावांनी डोळे मिटले, उघडले.

“तिनं सांगितलं म्हणून विचारलं नाही,” निता म्हणाली. “राग नव्हता असं नाही. पुष्कळ होता. काही दिवस तुमचा फोन वाजू द्यायची मी.”

“आन् आता?”

“थोडा आहे.”

“असू दे,” ते म्हणाले. “ऱ्हावाच.”

मग निता आत गेली, दोन कप चहा करून आणला. जगनरावांनी अर्धा प्यायला.

“किती ऱ्हायले?”

प्रश्न ९

“शेवटचा. पुन्हा अशी साथ आली, तर आजारी माणसाकडे जाल का? हो किंवा नाही. खाली दोन ओळींची जागा आहे.”

खेळातल्या साथीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं होतं, ते निताने पाहिलं होतं. वैद्याला मोंढ्यातून बाहेर काढून त्यांनी माळावर नेलं होतं. तिथं कुठलासा नवखा खेळाडू एकटाच पडला होता. वैद्य त्याच्यापासून लांब, खडकापाशी बसला. बनवणाऱ्यांनी खेळ बंद करून सगळं पुन्हा सुरू करेपर्यंत तो हलला नाही.

“काय टाकू? हो का नाही?”

“हो.” मग थांबून म्हणाले, “खालच्या जागेत लिही. जाईन, पन आत जानार न्हाई. दारातून हाक मारीन. ओ देईल तवर उभा ऱ्हाईन.”

निता पडद्याकडे बघत बसली.

“हे इंग्रजीत कसं लिहू?”

“तसंच लिही. आपल्यात.”

तिने मराठी अक्षरं लावली आणि एकेक शब्द, त्यांनी उच्चारला तसा, टाइप केला. जगनरावांनी चष्मा लावला, बोट पडद्यापासून जरा लांब धरून ओळ वाचली, आणि ‘उभा’पाशी बोट थांबवून तिथंच ठेवलं.