थ्रपबाईंचं मत

सेंट वुल्फ्रिक कॉलेजच्या फाटकावर मी एकतीस वर्षं दरवान होतो. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून हेस्टरच्या फेरीत शेपटाला चालू लागलो. हेस्टर ओकेल इतिहासात पीएच.डी. करते. दर शनिवारी अकरा वाजता पिवळी छत्री उंच धरून ती लोकांना गावभर चालवते आणि प्रत्येक इमारतीपाशी विचारते, हे कुणाच्या पैशानं उभं राहिलं? मग सांगते. हा घुमट उसाच्या मळ्यांत राबवलेल्या गुलामांच्या घामाचा. ती प्रयोगशाळा तोफा विकणाऱ्याची. प्रत्येक ठिकाणी शेवटी हात वर करून मतदान, पैसा घ्यायला हवा होता की नको. मागे रेंगाळणाऱ्यांना हाकत आणणं हे माझं काम.

मे महिन्यात एका शनिवारी यॉर्कशरच्या एका चर्चमधल्या बायकांचं चालण्याचं मंडळ आलं. अठरा जणी, म्होरक्या मिसेस ॲक्रॉइड धरून. कित्येक दिवसांनी ऊन पडलं होतं आणि आगगाडीत बायकांनी थोडी शेरीही घेतली होती. घुमटापाशीच त्यांची जुंपली.

"पैसेवाला मरून दोनशे वर्षं झाली. आता त्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही गं. ज्यांना ओरबाडलं त्यांच्या पतवंडांना पडतो."

"मग काय घुमट पाडायचा?"

"पाडायचा कशाला? त्यांना भाडं द्यायचं."

हेस्टरच्या डोळ्यांत चमक आली. एरवी लोक फोटो काढतात आणि मान डोलावतात. हे मंडळ मात्र भांडत भांडत रस्ता अडवून चाललं होतं, आणि सायकलवाले थांबून ऐकत होते.

सेंट वुल्फ्रिकपाशी आम्ही नेहमी बाहेरूनच बोलतो, कारण आत आम्हाला घेत नाहीत. त्या दिवशी फाटकावर माझ्या जागी आलेला बर्नी होता. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"प्रुइटसाहेब, तुम्हालाच पाठवलं होय यांना आणायला? थ्रप मंडळी ना? चला, आत चला. सगळे खोळंबलेत."

खरं काय ते मी सांगणार होतो. एकतीस वर्षांत मी एकाही परक्याला आत सोडलं नव्हतं. पण मी तोंड उघडेपर्यंत मिसेस ॲक्रॉइड "किती छान माणूस" म्हणत आत शिरल्या होत्या आणि त्यांच्यामागे बाकीच्या सतराच्या सतरा. खरं सांगतो, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"मिस्टर प्रुइट," हेस्टर कुजबुजली, "थ्रप म्हणजे जुगाराच्या यंत्रांचे थ्रप?"

"तेच. नवीन ग्रंथालयाला त्यांचं नाव लागणार आहे."

बागेत पांढरी टेबलं, सामन मासा, स्ट्रॉबेऱ्या, फेसाळती वाइन. कॉलेजचे प्रमुख डॉक्टर रॅग्नॉल दोन्ही हात पसरून आले आणि थेट मिसेस ॲक्रॉइडचा हात हातात घेतला. देणगीचं सगळं बोलणं थ्रपबाईंच्या पुतण्यामार्फत झालेलं. खुद्द बाईंना त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

"आपण स्वतः आलात, आमचं भाग्य."

मिसेस ॲक्रॉइडना नाही म्हणायचं होतं, पण तोंडात स्ट्रॉबेरी होती. ती गिळून त्यांनी आमच्या फेरीचाच प्रश्न विचारला. "हे सगळं कुणाच्या पैशानं हो?"

रॅग्नॉलना तो विनोद वाटला. ते खळखळून हसले आणि छत्रीकडे हात करून म्हणाले, "ते तुमच्या या वाटाड्याच सांगतील की."

हेस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती बाकावर चढली.

तिनं आधी मठाच्या जमिनी सांगितल्या, मग साखर, मग पबच्या कोपऱ्यात लुकलुकणारी थ्रप यंत्रं आणि त्यांच्यात पगार घालून घरी जाणारी माणसं. सुरुवातीला हसत ऐकणारे प्राध्यापक हळूहळू ताटात बघू लागले. रॅग्नॉलचा चेहरा टेबलावरच्या कापडासारखा झाला, पण आपल्या देणगीदारांच्या वाटाड्याला गप्प कोण करणार?

इतक्यात माझ्या शेजारी एक ठेंगणी म्हातारी येऊन उभी राहिली. पायात चालायचे बूट, ऐंशीच्या पुढचं वय.

"गाडी चुकली आमची," ती म्हणाली. "पुतण्या फाटकापाशी फोनवर ओरडतोय. ही पोरगी कोण?"

"फेरी काढते, बाई. आता मत घेईल बघा."

"थ्रप हे नाव ग्रंथालयाला द्यावं असं वाटतं, त्यांनी हात वर करा," हेस्टर म्हणाली. चार-पाच प्राध्यापकांचे हात अर्धवट वर गेले. "देऊ नये असं वाटतं, त्यांनी?" मंडळाचे अठरा हात वर गेले आणि माझ्या शेजारचा एकोणिसावा.

"मिसेस थ्रप मी," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

मग मिसेस ॲक्रॉइडना हसू आवरेना, त्या बाकावर बसल्या, आणि हसू साथीसारखं टेबलांवरून पसरलं. शेवटी रॅग्नॉलही डोळे पुसत होते. हसून की रडून, ते मला कळलं नाही.

"पण पैसे तर देणार ना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"देईन. निम्मे. उरलेले त्या यंत्रांनी ज्यांचं वाटोळं झालं त्यांना. आणि ग्रंथालयाच्या दारावर नाव नको, पैसा कुठून आला तेवढं लिहा."

"तसं लिहिल्यानं पैसा स्वच्छ होत नाही, बाई," हेस्टर बाकावरूनच म्हणाली.

"माहीत आहे मला. मी काय त्याला साबण लावतेय? पुढचा थांबा कुठला?"

पुढचा होता वैद्यकीय विद्यालयाचा. थ्रपबाई माझा हात धरून निघाल्या. पुतण्या विनवत मागे येत होता, त्याच्यामागे दोन प्राध्यापक. मी अशी लांबलचक रांग कधी हाकली नव्हती. बाईंनी उरलेल्या तिन्ही थांब्यांवर मत दिलं. एकदा पैसा घ्यावा, एकदा घेऊ नये, आणि एकदा दोन्ही हात वर. हे चालणार नाही, असं हेस्टरनं सांगितल्यावर त्या ठणकावून म्हणाल्या, "माझं असंच आहे. लिहून घे."

हेस्टरनं लिहून घेतलं.