भंतेजी काय म्हणाले

गजरा औरंगाबादेला शिकत होती तेव्हा अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाईड तयार करायचे म्हणून तिथं जपानी भाषेचा वर्ग निघाला. शिकवायला टोकियोच्या एक बाई होत्या. मुलींमधून एकटी गजराच त्या वर्गाला जाऊन बसली. बाई आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर सुटे, स्वच्छ म्हणवून घ्यायच्या. कुठला स्वर गिळायचा तेही सांगायच्या. लिहायचं 'देसु', बोलायचं 'देस'. गजराला हे चटकन जमायचं. तिच्या गावातही शेवटचा स्वर कुणी पुरता म्हणत नव्हतं.

पण गाईडचं काम काही मिळालं नाही आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. वडिलांनी, ज्ञानोबांनी, तिला गावी बोलावून घेतलं. गाव येरमाळ्याजवळचं. तिथं पाझर तलावाचं काम सुरू होतं. मजुरांची लेकरं सांभाळायला आणि त्यांना सुकडीचा खाऊ वाटायला शिकलेली बाई हवी होती, तिथं ती लागली.

थंडी सरता सरता जपानी भंते आले. रेंशो त्यांचं नाव, साठी उलटलेली. मुंबईला त्यांचे सोबती होते, पण दुष्काळाचं ऐकून हे एकटेच इकडं निघून आले. बौद्धवाड्यातल्या विहारात उतरले, आणि रोज लोकांबरोबर तलावावर दगड उचलू लागले. त्यांना हिंदी जेमतेम यायचं. गजरानं भीतभीत जपानीत नमस्कार केला तर म्हातारा लहान मुलासारखा हरखला.

"आपली गजरा जपान्याशी जपानी बोलती," असं तलावावर सगळ्यांच्या तोंडी झालं.

खरं म्हणजे ते तिच्यासाठी पुस्तकातलं, सावकाश बोलायचे. दमले की मात्र त्यांची बोली बदलायची. शब्द तोंडातल्या तोंडात विरघळायचे आणि गजराला एक अक्षर लागायचं नाही. एकदा तिनं विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, "आमचा मुलूख उत्तरेचा, बर्फाचा. तोंड उघडलं की थंडी आत शिरते. म्हणून आम्ही ओठ मिटून बोलतो."

चैत्रातल्या एका दुपारी ते बांधाच्या पायथ्याशी बसले ते उठेनातच. चेहरा राखेसारखा झाला होता. बायामाणसं गोळा झाली. सोसायटीचे चेअरमन बसवराज जीप घेऊन काम बघायला आले होते, तेही धावत आले. भंतेंचे ओठ हलत होते.

"काय म्हन्तेत?" बायांतल्या भिमाबाईनं विचारलं.

गजरानं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"एगि," ते म्हणाले. "एगि."

असा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. पुन्हा सांगा, असं तिनं शुद्ध जपानीत विनवलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि बोट उचलून नाकाला लावलं. आपण छातीला हात लावून 'मी' म्हणतो, जपानी माणूस नाकाला बोट लावतो. हे तिला वर्गात शिकवलेलं होतं. आणि 'एकि' म्हणजे स्टेशन. मी, स्टेशन. यांना मुंबईला आपल्या माणसांत जायचंय.

"एकि का?" तिनं विचारलं.

त्यांची मान हलली.

"स्टेशनला न्या म्हणतात," गजरा म्हणाली.

"गजरे, आदी कळंबला दवाखान्यात न्यावं का गं?" भिमाबाई म्हणाली. "बग तरी कसे दिसाय लागले."

बसवराज जीपपाशी थांबले होते. "बाई, त्येंचं बोलनं तुमालाच कळतं. तुमी म्हनाल तिकडं गाडी घेतो."

सगळे तिच्याकडं बघत राहिले. दुसऱ्या कुणाला विचारावं तर अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हतं.

"येडशी," ती म्हणाली.

वाटेत भंते आणखी एकदा 'एगि' म्हणाले. "आलंच," तिनं धीर दिला. त्यांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मग बोलणंच सोडलं. येडशीच्या स्टेशनात छोट्या गाडीची वेळ व्हायची होती. पाणी घेऊन आलेला पोर्टर त्यांना बघून थबकला.

"बाई, ह्यांला दम लागलाय. गाडीत कशाला घालता?"

बसवराजनी जीप उस्मानाबादच्या रस्त्याला लावली. दवाखाना यायच्या आत गजराच्या मांडीवर भंतेंची मान कलंडली.

अस्थी न्यायला मुंबईहून दुसरे एक जपानी भिक्खू आले, तरुण होते. गजरानं त्यांना तो शब्द म्हणून दाखवला.

"त्यांच्या मुलखात इ आणि ए वेगळे राहत नाहीत," ते म्हणाले. "क चा ग होतो. 'एकि' म्हटलं तरी एगि, 'इकि' म्हटलं तरी एगि."

'इकि' म्हणजे श्वास, हे तिला ठाऊक होतं. तिनं आपलं बोट नाकाला लावलं.

"मग ते काय म्हणत होते?"

"मला कसं सांगता येईल? मी क्योटोचा. त्यांची बोली मलाही लागायची नाही." त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "शेवटी कुणीतरी त्यांच्याशी जपानीत बोललं, हे फार झालं."

घरी तिनं हे वडिलांना सांगितलं. "कळंबला नेलं असतं तरी काय झालं असतं, कुनाला ठावं," एवढंच ज्ञानोबा म्हणाले, आणि जेवायला बस म्हणाले.

गावानं मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. भंतेजींची शेवटची इच्छा गजरानं पुरी केली. वैशाखी पौर्णिमेला विहारापुढं सगळे जमले, आणि बसवराजनी तिला माणसांपुढं उभं केलं.

"भंतेजी शेवटाला काय म्हनाले, ते बाईंच्या तोंडूनच ऐका."

गजरानं समोर बघितलं. तलावावरच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, माना वर करून. तिनं सांगायला तोंड उघडलं. कुठून सुरू करावं ते तिला कळेना.

"स्टेशन," ती म्हणाली. "स्टेशनला न्या म्हणाले."

बायांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या सरुबाईनं सरकून तिला जागा करून दिली, आणि ती खाली बसली.