साक्षीदाराचं अपील

रनाळ्याच्या चुडामणनं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की दोधूची कडब्याची गंजी पेटली तेव्हा तिथून पळताना आपण आमशाला पाहिलं. आमशा भिल, दोधूचाच सालदार. आदल्याच दिवशी त्यानं मालकाचा मार खाल्ला होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्याला वकील नव्हता. वर्षाची सक्तमजुरी झाली. ते १९३४ साल.

दोन आठवड्यांनी म्हसावदच्या बाजारात चुडामणला पुढे आमशा चाललेला दिसला. डावा खांदा पाडून, गंजीपासून पळताना दिसला होता तसाच. त्यानं हाक मारली. माणूस वळला, भलताच कुणी. आमशा तर धुळ्याच्या तुरुंगात होता.

चुडामणचं अन्नावरचं मन उडालं. शेवटी धनुबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं, "तुम्ही खोटं नही ना सांगं?"

"खोटं नही. पन मी पाठ देखी, तोंड देखं नही."

"मग जा, सांगा कोनले तरी."

अपिलाची मुदत तीस दिवसांची, त्यातले सतरा उलटलेले. नंदुरबारच्या पहिल्या वकिलाला हसूच आलं. "सरकारी साक्षीदार आरोपीसाठी वकील शोधतो? उद्या तुमच्यावरच खोट्या साक्षीचा खटला होईल." दुसरा दोधूचे दावे चालवणारा निघाला. मग मोटारीनं धुळं. तिथं एक वकील परगावी, एक आजारी, तिसऱ्याच्या कारकुनानं ओट्यावरूनच परतवलं. चौथ्या दिवशी चुडामणच्या टाचा फुटल्या. एवढं हिंडलो, आता आपल्याकडून फिटलं, असं वाटून तो मोटारतळावर आला. गाडी भरायला वेळ होता. समोर वकिलाची पाटी दिसली म्हणून, बसायला तरी मिळेल अशा विचारानं आत शिरला.

गिरधर वकील म्हातारे, कानानं अधू. सगळं दोनदा सांगावं लागलं.

"तोंड पाहिलं का, असं कोर्टात कुणी विचारलं?"

"कोनीच नही."

"उजेड होता?"

"नही, दिवा लागी गया व्हतात."

"तेही कुणी विचारलं नाही?"

"नही."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "मग हेच अपील. वकीलपत्रावर त्याचा अंगठा हवा. उद्या तुरुंगात जाऊ. तुम्हीही चला, मला त्याचं ऐकू येणार नाही."

तुरुंगात आमशा गजांपलीकडे येऊन उभा राहिला. चुडामणला मान वर करवेना.

"आमशा, मन्ही चूक व्हयनी."

"मी कोर्टमा सांगं, मी घर व्हतु. तुम्ही तठेच उभा व्हतात, आबा. तवय काबर नही बोलनात?"

चुडामणनं वकीलपत्र गजांतून पुढे केलं. आमशानं अंगठा दिला.

अपील लागायला चार महिने गेले. जज्जांनी चुडामणला पुन्हा बोलावलं, न विचारलेले प्रश्न विचारले, आणि आमशाला सोडलं. दोधूनं त्या दिवसापासून चुडामणशी बोलणं टाकलं.

आमशा गावात एकच दिवस राहिला. दुसऱ्या सकाळी बायकोला, सोनीबाईला घेऊन तो नवापूरकडे, तिच्या माहेरी निघाला. चुडामणनं शिवेवर त्यांना गाठलं.

"ऱ्हाय ना. काम मी देसु."

"तुम्ही काम देशात, आबा. पन गावमा आते माले कोन उभं करी?"

सोनीबाईच्या डोक्यावर गाठोडं होतं. थोडं अंतर आपण न्यावं म्हणून चुडामणनं हात पुढे केला. तिनं ते दिलं नाही.